गच्चीवर काम काढण्यापूर्वी: पडण्याचा धोका आणि सोसायटीची जबाबदारी

पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या गच्च्यांवर कामगारांची वर्दळ सुरू होते. कोणी जुना कोबा फोडत असतो, कोणी टाकी धुवायला चढलेला असतो, कोणी पत्र्याच्या शेडचे गंजलेले बोल्ट बदलत असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली आणि सोसायट्यांना सामाईक वापराच्या सौर यंत्रणेसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान मिळू लागले, तेव्हापासून पॅनल बसवणाऱ्यांचीही त्यांत भर पडली आहे. यांपैकी कोणीच सोसायटीच्या पगारावर नसतो, म्हणून यांच्या जिवाची जबाबदारी ठेकेदाराची, असे व्यवस्थापन समिती गृहीत धरते. हे गृहीतक अर्धवट आहे. गच्चीची किल्ली सोसायटीकडे असते, कठडा किती उंच आहे आणि कोणता पत्रा कुजला आहे हे सोसायटीला ठाऊक असते किंवा असायला हवे, आणि सगळ्यांत कमी दराची निविदा निवडण्याचा निर्णयही सोसायटीच घेते.

हा लेख अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि गच्चीच्या कामावर देखरेख करणारे सभासद यांच्यासाठी आहे. त्यातला माझा मुख्य आग्रह एकच आहे: पडण्यापासून बचावाची सोय दरपत्रकात स्वतंत्र, पैसे मोजून घेतलेली बाब म्हणून लिहिलेली असली पाहिजे, कारण दरपत्रकात जी सोय नसते ती गच्चीवरही सापडत नाही.

आधी कायदा समजून घ्यावा

कामावर असताना कामगाराला झालेल्या इजेची भरपाई १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने ठरत आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला; भरपाईची मूळ सूत्रे मात्र तीच राहिली. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला गुणतात. २०२० च्या अधिसूचनेनुसार या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली जाते. तीस वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे महिना १५,००० किंवा त्याहून अधिक मिळवणारा तीस वर्षांचा कामगार गच्चीवरून पडून दगावला, तर ७,५०० गुणिले २०७.९८, अर्थात १५,५९,८५० रुपये देणे लागतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हाच आकडा १८,७१,८२० रुपये होतो. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम भरली नाही, तर १२ टक्के सरळ व्याज लागते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

ही रक्कम कोणी द्यायची, हा पुढचा प्रश्न. कामगाराला कामावर ठेवणारा मालक ठेकेदार असेल तर पहिली जबाबदारी त्याची. ज्याने ठेका दिला त्यालाही जबाबदार धरणारी तरतूद आहे, परंतु ती ठेका देणाऱ्याच्या धंद्याचा किंवा व्यवसायाचा भाग असलेल्या कामांविषयी बोलते, त्यामुळे गृहनिर्माण सोसायटी व्यवसाय करत नाही असा युक्तिवाद सोसायटीला करता येतो. पण तो युक्तिवाद अपघातानंतर, वकिलाची फी भरून आणि तारखा घेत करावा लागतो. शिवाय तो एका ठिकाणी मुळीच उपयोगी पडत नाही. सचिवाने सकाळी नाक्यावरून दोन मजूर आणले आणि रोजंदारी ठरवून गच्चीवर पाठवले, तर मध्ये ठेकेदारच उरत नाही आणि सोसायटी स्वतः मालक ठरते. ‘दोनच दिवसांचे काम होते’ हे कारणही चालत नाही, कारण मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या नैमित्तिक कामगारांना वगळणारी जुन्या कायद्यातली तरतूद २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी नाक्यावरचा माणूस टाकीवर चढवणे, हा सोसायटीने पत्करलेला सगळ्यांत महागडा धोका असतो.

आणखी दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला हमीपत्राचा. ‘मी माझ्या जबाबदारीवर काम करत आहे, काही झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही’ असा कागद कामगाराकडून सहीसह घेण्याची पद्धत सर्रास आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो; उलट, धोका सोसायटीला आधीपासून माहीत होता याचा तो लेखी पुरावा मात्र होतो. दुसरा गैरसमज ‘त्याला पट्टा दिला होता, त्यानेच लावला नाही’ हा. कामगार दारू प्यायलेला होता किंवा त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, हा बचाव किरकोळ आणि अंशतः अपंगत्वाच्या दाव्यांत चालू शकतो; मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास कायद्याने तो काढून घेतला आहे.

फौजदारी बाजू वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, कलम १२५ मध्ये निष्काळजी कृतीने इतरांचा जीव धोक्यात घालण्याची शिक्षा आहे, आणि इमारत पाडणे, दुरुस्त करणे किंवा बांधणे यांतल्या हयगयीसाठी कलम २९० स्वतंत्रपणे आहे. अपघातानंतर काम कोणी काढले, कोणाच्या देखरेखीखाली चालले होते आणि सुरक्षेची काय सोय होती, याची विचारपूस होते. विमा कंपनी पैसे भरते, कोणाच्या वतीने आरोपी म्हणून उभी राहत नाही. बांधकाम कामगारांच्या सुरक्षेची विशेष नियमावली दहापेक्षा कमी कामगारांच्या छोट्या कामांना बहुधा लागू होत नाही, त्यामुळे गच्चीवर सरकारी निरीक्षक येऊन चूक दाखवील अशी आशा धरू नये. दाखवायची ती सोसायटीनेच.

पहिली पायरी: दरपत्रके मागवण्यापूर्वी गच्ची फिरून पाहावी

समितीतले दोघे आणि शक्य असल्यास एक स्थापत्य अभियंता यांनी टेप, मोबाइल आणि गच्चीचा साधा नकाशा घेऊन तासभर गच्चीवर काढावा. माणूस कुठून पडू शकतो, एवढा एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावा.

कठड्याची उंची आजच्या तळापासून मोजावी, मूळ नकाशावर विसंबू नये. जुन्या इमारतींत दर काही वर्षांनी गळती होते, आधीचा थर न फोडता त्यावर विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा चढवला जातो, आणि प्रत्येक वेळी तळ चार-पाच इंचांनी वर येतो. साडेतीन फुटांचा कठडा असे दोन थर चढल्यावर पावणेतीन फुटांच्या आसपास राहतो, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्याही खाली. कमरेखालचा कठडा माणसाला अडवत नाही; मांडीला धडकून तो माणसाचा तोल बाहेरच्या बाजूलाच घालवतो. दिसायला भिंत आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, त्यामुळे ही जागा नकाशावर ठळक नोंदवावी.

त्यानंतर पाण्याच्या टाकीचा माथा आणि लिफ्टच्या मशीन रूमचे छत पाहावे. या दोन्ही ठिकाणी बहुधा कठडाच नसतो, वर जायला भिंतीत रोवलेल्या लोखंडी कांबींची उभी शिडी असते, आणि तिच्या खालच्या दोन-तीन कांबी गंजून सुटत आलेल्या असतात. टाकीचे झाकण मोडले असेल तर आत पडण्याचा धोकाही आहेच. डक्टच्या तोंडावर टाकलेला पत्रा किंवा प्लायवूडचा तुकडा उचलून पाहावा: तो ठोकून पक्का केलेला आहे की नुसता ठेवलेला आहे? नुसता ठेवलेला असेल तर कोणी तरी तो बाजूला करण्यासाठी उचलतो, समोर धरून एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याच भोकातून खाली जातो. छज्जे, शेवाळलेले कोपरे, कठड्याजवळून गेलेल्या विजेच्या तारा, जिन्याच्या दारातला उंच उंबरठा हेही टिपावे. प्रत्येक जागेचा फोटो काढून नकाशावर क्रमांक टाकावा, कारण हाच नकाशा पुढे निविदेला जोडायचा आहे.

दुसरी पायरी: माणूस कडेला न जाताच काम होईल का, हे ठरवावे

पट्टा आणि दोर हा शेवटचा उपाय आहे, पण आपल्याकडे विचाराची सुरुवातच तिथून होते. खरा क्रम असा असावा. कडेला जाण्याची गरजच काढून टाकता येते का, ते आधी पाहावे. नाही काढता आली, तर कडेला अडथळा उभा करावा. तेही शक्य नसेल, तर माणूस कडेपर्यंत पोहोचणारच नाही इतक्या आखूड दोराने त्याला बांधावे. आणि यांतले काहीच जमत नसेल, तरच पडलेल्या माणसाला अधांतरी अडवणारी व्यवस्था वापरावी.

पहिल्या उपायाला फारसा खर्च येत नाही, फक्त काम ठरवतानाच तो सुचला पाहिजे. सौर पॅनलची मांडणी कडेपासून दीड-दोन मीटर आत घेतली, तर बसवणाराच नव्हे, पुढची पंचवीस वर्षे पॅनल धुणाराही कडेला जात नाही. टाकीतली पातळी कळण्यासाठी सेन्सर बसवला की वॉचमनला रोज टाकीवर चढावे लागत नाही. बाहेरच्या भिंतीची पाहणी ड्रोनने होते. शेडच्या कैच्यांचे, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यांचे, वेल्डिंग खाली जमिनीवर करून तयार भाग वर चढवता येतात.

अडथळ्याचे म्हणाल, तर कमी उंचीच्या कठड्यावर कायमचे लोखंडी रेलिंग बसवणे हा सगळ्यांत चांगला खर्च आहे असे माझे ठाम मत आहे, कारण तो एकदाच करावा लागतो आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक प्लंबरला, केबलवाल्याला, पापड वाळत घालणाऱ्या आजींना आणि पतंग उडवणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग होतो. वरचा दांडा तळापासून एक मीटरहून थोडा उंच, मधोमध दुसरा दांडा, आणि हत्यारे खाली घरंगळू नयेत म्हणून तळाशी सुमारे १५ सेंटिमीटरची पट्टी, अशी रचना असावी. टाकीच्या माथ्यावरही असेच रेलिंग हवे.

वॉटरप्रूफिंगच्या कामात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. रोलरने लेप लावणारा किंवा डांबराच्या शीटचा गुंडाळा उलगडणारा कामगार ओल्या भागावर पाय पडू नये म्हणून मागे मागे सरकत जातो. त्याची नजर खाली लेपावर असते आणि पाठ कडेकडे. अशा कामाची सुरुवात कडेपासून करून आत, जिन्याच्या दाराकडे येत संपवावी, आणि कठडा कमी असलेल्या बाजूला दोन मीटर आत ठळक पट्टीची दोरी ताणून ठेवावी. दरपत्रकातच कामाची दिशा लिहिली, तर याला एक पैसाही जास्त लागत नाही.

तिसरी पायरी: पत्र्याच्या छपराला वेगळे काम समजावे

गच्चीवर गळतीसाठी घातलेली शेड असो किंवा भोसरी, अंबड, तळोजा अशा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांची छपरे असोत, पत्र्यावर माणूस कडेवरून पडतो त्यापेक्षा पत्र्यातून आरपार पडण्याची भीती मोठी असते. सिमेंटचा पत्रा वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने कसलीही पूर्वसूचना न देता फुटतो. त्याहून घातक असतात ते उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले फायबरचे अर्धपारदर्शक पत्रे. नवे असताना ते उठून दिसतात. पाच-सात वर्षांत त्यांवर धूळ आणि शेवाळ बसते, एखाद्या वेळी कोणी गळती थांबवण्यासाठी सगळ्या छपरावर एकच रंग किंवा लेप मारतो, आणि मग वर उभ्या असलेल्या माणसाला सिमेंट कुठे संपते आणि फायबर कुठे सुरू होते, हे कळण्याचा काहीच मार्ग राहत नाही. खाली उभे राहून वर पाहिले की मात्र उजेडाच्या चौकटी स्पष्ट दिसतात. म्हणून अशा छपरावर कोणी चढण्यापूर्वी खालून मोजून प्रत्येक फायबर पत्र्याची जागा नकाशावर घ्यावी आणि चढल्यावर सर्वांत आधी त्या जागा जाळीने किंवा फळ्यांनी झाकून मगच बाकीचे काम सुरू करावे.

‘बोल्टच्या रांगेवरून चाल, खाली कैची आहे’ हा सल्ला जुने मिस्त्री देतात. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण तेवढ्या अरुंद रेषेवर हातात ड्रिल घेऊन तोल सांभाळणे कोणालाच दिवसभर जमत नाही, आणि पाय सहा इंच जरी सरकला तरी तो उघड्या पत्र्यावर पडतो. निदान दोन-तीन आधारांवर टेकतील इतक्या लांब, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या चालण्याच्या फळ्या लागतात, आणि त्या किमान दोन लागतात, म्हणजे एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवता येते. एकच फळी असेल तर ती सरकवताना माणसाला पत्र्यावरच उतरावे लागते. शेडची उंची कमी असेल, तर खाली परांची बांधून खालूनच बोल्ट बदलणे अधिक सुरक्षित. कामाच्या वेळी शेडखालची जागा पूर्ण मोकळी करून दोरीने बंद करावी. पाऊस पडत असताना किंवा पत्रा ओला असताना कोणालाही वर चढू देऊ नये, मग खाली कोणाच्या घरात कितीही गळत असो.

चौथी पायरी: हार्नेस लागणारच असेल, तर अँकरचा आधी विचार करावा

बाजारात अजूनही नुसता कमरेला बांधायचा पट्टा मिळतो. पडताना अडवण्यासाठी तो वापरणे म्हणजे माणसाच्या कण्यावर आणि पोटावर सगळा हिसका घेणे होय. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पट्ट्यांचा संच, म्हणजे पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा, त्याच्यावर भारतीय मानक आयएस ३५२१ चा शिक्का हवा, आणि हेल्मेटवर आयएस २९२५ चा. ठेकेदाराने आणलेला हार्नेस स्वतः हातात घेऊन पाहावा: उत्पादनाची तारीख वाचता येते का, शिवण कुठे उसवली आहे का, पट्टी उन्हाने पांढुरकी आणि कडक झाली आहे का, रंग किंवा डांबर लागले आहे का, हुकाचे तोंड आपोआप बंद होते का. यांतले काहीही बिघडले असेल तर तो बाजूला काढावा. एकदा पडण्याचा हिसका बसलेला हार्नेस वरून धड दिसला तरी पुन्हा वापरायचा नसतो.

पण हार्नेसपेक्षा जास्त फसगत होते ती अँकरमध्ये, म्हणजे दोर ज्याला बांधायचा त्या पक्क्या आधारात. गच्चीवर कामगार दोर कुठे बांधतात हे पाहिले, तर पाण्याचा जीआय पाइप, डिश अँटेनाचा स्टँड, टाकीचा नळ, सौर पॅनलची चौकट किंवा विटांच्या कठड्याचे भोक, अशी ठिकाणे दिसतात. पडणाऱ्या माणसाचा हिसका त्याच्या वजनाच्या अनेक पट असतो, म्हणून एका माणसामागे अँकर निदान १२ ते १५ किलोन्यूटन, म्हणजे सव्वा ते दीड टन ओढ सहन करणारा असावा लागतो. वर सांगितलेल्यांपैकी काहीही तेवढे सोसत नाही. आरसीसी कॉलम, बीम किंवा स्लॅबमध्ये अभियंत्याच्या सल्ल्याने बसवलेले, ओढून तपासलेले पोलादी डोळ्याचे अँकर ही कायमची सोय आहे, आणि गच्चीवर असे चार-सहा अँकर एकदा बसवून त्यांना क्रमांक दिले की पुढची अनेक वर्षे प्रत्येक ठेकेदाराला ते वापरायला सांगता येतात. कामाची जागा अँकरच्या समोर येईल अशी निवड करावी. तिरपे पडल्यास माणूस लंबकासारखा झुलून भिंतीवर आदळतो.

आता उंचीचा हिशेब. दोराची लांबी १.८ मीटर, झटका शोषणारा भाग उसवून पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो, पाठीवरच्या हुकापासून पायापर्यंत सुमारे दीड मीटर, आणि खाली सुरक्षित अंतर एक मीटर. सगळे मिळून अँकरच्या खाली सहा मीटर मोकळी जागा लागते. सातमजली इमारतीच्या कडेला ती असते. पण टाकीचा माथा गच्चीपासून तीनच मीटर उंच असतो, आणि तिथे हाच संच घालून चढलेला कामगार दोर ताणला जाण्यापूर्वीच खालच्या कोब्यावर आदळलेला असतो. टाकी, छज्जा, एकमजली शेड या ठिकाणी म्हणून रेलिंग किंवा कडेपर्यंत पोहोचू न देणारा आखूड दोरच हवा.

बाहेरची भिंत रंगवण्यासाठी झुला सोडला असेल, तर झुल्याचा दोर आणि माणसाचा जीवनदोर वेगवेगळे असावेत आणि वेगवेगळ्या अँकरना बांधलेले असावेत. दोर कठड्याच्या धारेवर घासतो तिथे जाड रबर किंवा गोणपाटाची घडी घालावी.

हार्नेसवर अधांतरी अडकलेल्या माणसाला पायातला रक्तप्रवाह अडखळल्याने काही मिनिटांतच ग्लानी येऊ शकते. त्याला वर किंवा खाली कोण घेणार, कशाने घेणार, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे. ‘अग्निशमन दलाला बोलावू’ हे उत्तर पुरेसे नाही. ते येईपर्यंतची मिनिटे कोणाची, हा प्रश्न ठेकेदाराला विचारावा.

पाचवी पायरी: ठेकेदार, कार्यादेश आणि विमा

निविदेला गच्चीचा नकाशा जोडावा आणि रेलिंग, फळ्या, जाळ्या, अँकर, हार्नेस, देखरेख करणारा माणूस यांचे दर स्वतंत्र ओळींत मागावेत. असे केल्याने दोन ठेकेदारांची तुलना खरी होते. नाही तर सुरक्षेवर पैसे खर्च करणारा प्रामाणिक ठेकेदार महाग ठरून बाद होतो आणि काहीच न करणाऱ्याला काम मिळते. सर्वसाधारण सभेत ‘अमक्याचे दर कमी होते’ असा आक्षेप आला, तर समितीकडे दाखवायला कागद असतो.

कार्यादेशात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय पोटठेका देता येणार नाही, अठरा वर्षांखालील कोणीही आणला जाणार नाही, सुरक्षेची सोय नसल्यास काम थांबवण्याचा अधिकार सोसायटीच्या प्रतिनिधीला राहील आणि थांबलेल्या वेळेचे पैसे मागता येणार नाहीत, अपघाताची भरपाई सोसायटीला द्यावी लागल्यास ठेकेदार ती सोसायटीला भरून देईल. शेवटची अट सोसायटी आणि ठेकेदार यांच्यातली आहे, तिने कामगाराचा हक्क कमी होत नाही, आणि ठेकेदाराच्या खिशात पैसे नसतील तर तिचा उपयोगही होत नाही. म्हणून विमा.

ठेकेदाराकडून कर्मचारी नुकसानभरपाई विम्याची प्रत घ्यावी आणि ती वाचावी. पॉलिसीची मुदत काम संपेपर्यंत आहे का? कामगारांची संख्या आणि वेतन खरे लिहिले आहे का, की वीस माणसांच्या कामाला चारच दाखवली आहेत? कामाचे स्वरूप ‘रंगकाम’ एवढेच आहे, की उंचीवरचे काम असे स्पष्ट आहे, आणि उंचीची काही मर्यादा घातली आहे का? पोटठेकेदाराची माणसे धरली आहेत का? ठेका देणारी म्हणून सोसायटीचे नाव पॉलिसीत समाविष्ट करून घेता येते, ते आग्रहाने घ्यावे. कामगार कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत असतील, तर भरपाई त्या योजनेतून मिळते. मग प्रत्येकाचा विमा क्रमांक पाहावा. खाली जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यात वरून काही पडले, तर त्यासाठी त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीचा विमा वेगळा लागतो. कामगारांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला ती करता येते आणि अपघातात कुटुंबाला मंडळाकडून स्वतंत्र साहाय्य मिळू शकते.

सहावी पायरी: कामाचा दिवस

गच्चीची किल्ली ही सोसायटीच्या हातातली सगळ्यांत परिणामकारक गोष्ट आहे. रोज सकाळी देखरेख करणाऱ्या सभासदाने किंवा नेमलेल्या पर्यवेक्षकाने एक पानी परवाना भरल्याशिवाय वॉचमनने किल्ली देऊ नये. परवान्यावर कामगारांची नावे, कामाची जागा, त्या दिवशीची सोय, हवामान आणि ठेकेदाराच्या मुकादमाची सही असावी, आणि संध्याकाळी सगळे खाली उतरल्यावर तो बंद करावा. सही वर गच्चीवर जाऊन करावी, सोसायटीच्या कार्यालयात बसून नव्हे. वर चढण्याचा त्रास टाळण्यासाठी आदल्या दिवशीच कोऱ्या परवान्यांवर सह्या करून ठेवण्याची सवय लागली, की कागद आपले काम करत नाही.

मुकादमाने दहा मिनिटे सर्वांना एकत्र घेऊन आज कुठे जायचे नाही हे त्यांना समजेल त्या भाषेत सांगावे. गच्चीवर काम करणारे अनेक जण परराज्यांतून आलेले असतात, आणि मराठीतला फलक त्यांच्या कामाचा नसतो. कोणालाही एकट्याला वर ठेवू नये. मे महिन्यात दुपारी बारा ते चारच्या उन्हात कोब्यावर काम करणाऱ्याला चक्कर येते, आणि कडेला आलेली चक्कर जीवघेणी ठरते, म्हणून वेळ सकाळ-संध्याकाळ वाटून द्यावी आणि पिण्याचे पाणी व सावली गच्चीवरच ठेवावी. जोराचा वारा सुटला किंवा पाऊस आला की काम थांबवावे.

अपघात झालाच तर

१०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. उंचावरून पडलेल्या माणसाला हात-पाय धरून रिक्षात घालू नये. मणक्याला इजा असेल तर तेवढ्यानेच कायमचे अपंगत्व येऊ शकते. त्याचा श्वास चालू असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत मान व पाठ न हलवता त्याला धीर द्यावा. जागा जशी आहे तशी ठेवून फोटो घ्यावेत. रात्रीतून रेलिंग उभे करू नये किंवा हार्नेस आणून टाकू नये. पोलिसांना आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे.

यानंतर एक चूक फार वेळा होते. कुटुंब गावाहून येते, ठेकेदार आणि समिती मिळून लाख-दोन लाख रोख देतात, ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून घेतात, आणि प्रकरण मिटले असे समजतात. मृत्यूची भरपाई जुन्या कायद्यात नुकसानभरपाई आयुक्तांकडे, नव्या संहितेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे, मर्यादित आगाऊ रक्कम वगळता, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. कुटुंबाला तातडीची मदत अवश्य करावी, ती माणुसकीने करावी, पण तिच्या बदल्यात सही मागू नये. वारसांना त्यांच्या हक्काची रक्कम कायदेशीर मार्गाने लवकर मिळावी यासाठी ठेकेदाराच्या मागे लागणे, हे सोसायटीचे खरे काम आहे.

दावा दाखल करण्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते आणि पुरेसे कारण असल्यास उशीर माफही होतो. म्हणून नकाशा, दरपत्रके, कार्यादेश, विम्याच्या प्रती, रोजचे परवाने आणि अँकरच्या तपासणीचे अहवाल एका फाइलमध्ये निदान पाच वर्षे जपावेत, आणि समिती बदलली की दप्तरासोबत ही फाइल व गच्चीची किल्ली नव्या सचिवाच्या हाती सहीनिशी द्यावी.